गोष्ट कशी घडते

बाहेर आषाढाचा पाऊस कोसळत आहे. वीज गेल्यामुळे माजघरात कंदील लावला आहे. आजीच्या मांडीवर डोके ठेवून चार वर्षांचा नातू पडला आहे आणि जवळच त्याची बारा वर्षांची बहीण पुस्तक मिटून बसली आहे. आजी गोष्ट सांगत आहे. गोष्ट नवी नाही. कावळ्याने शेणाचे घर बांधले आणि चिमणीने मेणाचे, तीच ती. मुलाला ती तोंडपाठ आहे. तरीही आजी क्षणभर थांबली, की तो डोळे विस्फारून विचारतो, "मग?"

कावळा भिजत भिजत चिमणीच्या दाराशी येतो, हाका मारतो, आणि चिमणी आतून काही ना काही निमित्त सांगते. येथे बहिणीला राहवत नाही. ती म्हणते, "आजी, पण चिमणीनं दार लगेच का नाही उघडलं? तो बिचारा बाहेर भिजतोय ना!"

"अगं, लगेच उघडलं असतं तर गोष्ट तिथंच नसती का संपली?" आजी म्हणते आणि पुढे सांगू लागते.

आजीचे हे उत्तर वरवर पाहता टाळाटाळीचे वाटते. परंतु गोष्ट कशी घडते याविषयी मोठमोठ्या ग्रंथांत जे सांगितलेले असते, त्यांतील पुष्कळसे या एका वाक्यात आले आहे. मुलीच्या प्रश्नाचा अर्धा भाग मात्र त्या उत्तराने तसाच राहिला. त्याच्याकडे पुढे वळावे लागेल.

प्रथम मुलाचा प्रश्न घेऊ. ‘मग?’ हा प्रश्न केव्हा उमटतो आणि केव्हा उमटत नाही? एखादा विद्यार्थी आपली दिनचर्या सांगू लागला, "मी सकाळी उठलो, दात घासले, न्हालो, जेवलो आणि शाळेत गेलो", तर ऐकणाऱ्याला जांभई येईल. यांत घटना पाच आहेत, पण गोष्ट एकही नाही. आता तोच विद्यार्थी म्हणाला, "आज वार्षिक परीक्षेचा पहिला पेपर होता. मी घरून निघालो, तो गावाबाहेरच्या ओढ्याला पूर आलेला!" एवढे ऐकताच ऐकणारा सावरून बसतो. घटना दोनच आहेत. परंतु कोणाला तरी काही तरी हवे आहे आणि त्याच्या वाटेत काही तरी आडवे आले आहे. ज्याला हवे आहे ते पात्र, आणि जे आडवे आले तो संघर्ष. संघर्ष म्हटला म्हणजे तलवारी उपसल्या गेल्याच पाहिजेत असे नाही. पुराचे पाणी, हरवलेली किल्ली, जिभेवर येऊन अडलेला शब्द किंवा मिटलेले दार एवढेही पुरते.

पात्रे, स्थळ, काळ, कथानक, संघर्ष, संवाद, निवेदन अशी कथेच्या घटकांची नावे सांगण्याची पद्धत आहे. ही नावे अवश्य माहीत असावीत. पण घड्याळातील चक्रांची नावे पाठ झाल्याने घड्याळ कसे चालते ते कळत नाही. त्यासाठी एखादे चक्र काढून पाहावे लागते. आजीच्या गोष्टीवर हाच प्रयोग करता येतो. ही गोष्ट त्यासाठी फार सोयीची आहे, कारण ती सर्वांना ठाऊक आहे आणि ती इतकी लहान आहे, की तिच्यात वायफळ असे काही उरलेले नाही. ती जुनीही आहे. श्रीचक्रधरस्वामींच्या आठवणी ज्यांत संग्रहित केल्या आहेत, तो म्हाइंभटांचा ‘लीळाचरित्र’ हा ग्रंथ तेराव्या शतकातील. त्यातही शेणाच्या व मेणाच्या घरांची ही कथा आढळते. सातशे वर्षे तोंडातोंडी घासली जाऊन जी गोष्ट टिकली, तिच्यातील प्रत्येक वस्तू काही ना काही काम करीत असणार हे उघड आहे.

प्रथम काळ बदलून पाहावा. गोष्टीत पाऊस येतो. मोठा पाऊस येतो. समजा, तो आलाच नाही. पावसाळ्याऐवजी वैशाख महिना आहे, आणि गाव चंद्रपूरकडील आहे, जेथे उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्याही वर जातो. आता काय होईल? उन्हात वाळलेले शेण किती टणक होते हे ज्याने भिंतीवर थापलेल्या गोवऱ्या पाहिल्या आहेत, त्याला सांगावयास नको. कावळ्याचे घर दिवसेंदिवस पक्के होत जाईल. आणि मेण? मेण उन्हाने मऊ पडेल, भिंती झुकतील, छप्पर ओघळू लागेल. बेघर होईल ती चिमणी, आणि दारावर चोच आपटावी लागेल ती तिला, कावळ्याच्या दारावर. केवळ ऋतू बदलला, तो सबंध गोष्ट उलटी झाली! स्थळ आणि काळ म्हणजे नाटकाच्या मागे टांगलेला रंगीत पडदा नव्हे. जो पाऊस घर वाहून नेतो, तो पडद्यावर चितारून भागत नाही. तो गोष्टीत काम करणारा असतो. ज्या गोष्टीत ‘सुंदर वनश्रीने नटलेले गाव’ असते पण त्या वनश्रीवाचून काहीच अडत नाही, त्या गोष्टीतील गाव खुशाल गाळावे.

दुसरे, घरे. कोणताही कावळा शेणाचे घर बांधीत नाही. तो उंच झाडावर काटक्यांचे, आणि शहरात तर तारांच्या तुकड्यांचेही घरटे करतो. चिमणीला मेण ठाऊकच नाही. ती गवताच्या काड्या आणि पिसे गोळा करून वळचणीला किंवा भिंतीवरील तसबिरीच्या मागे घरटे करते. मग ही गोष्ट खोटी म्हणावयाची काय? गोष्टीत न घडणारे घडलेले चालते. पक्षी बोलतात, घरांना दारे असतात. परंतु सांगणाऱ्याने एकदा जे ठरविले ते त्याला पाळावे लागते. घर शेणाचे म्हटले की पावसात ते वाहून गेलेच पाहिजे. मेणाचे म्हटले की ते त्याच पावसात टिकलेच पाहिजे, कारण मेणाला पाणी लागत नाही. आजीने घाईत चिमणीचेही घर वाहून नेले, तर चार वर्षांचा नातूसुद्धा उठून बसेल आणि म्हणेल, "असं नाही!" गोष्टीतील खरेपणाची पारख ती हीच.

पात्रांविषयी थोडक्यात पुरे. कावळा धूर्त, आणि चिमणी घरगुती, ही समजूत श्रोत्याच्या मनात आधीपासूनच असते. म्हणून आजीला त्यांचे वर्णन करावे लागत नाही. लोककथेला ही सवलत आहे. नवी गोष्ट लिहिणाऱ्याला ती नाही. त्याला आपली माणसे ओळखीची करून द्यावी लागतात, आणि तीही ‘तो फार दयाळू होता’ असे सांगून नव्हे, तर त्याने एखादे काम कसे केले हे दाखवून. चिमणी कशी आहे हे तिच्या संवादांतून कळते. दाराशी कोणी भिजत उभे असता ती ‘येते’ म्हणत नाही आणि ‘येत नाही’ असेही म्हणत नाही. ती ‘थांब’ म्हणते. अशी माणसे प्रत्येक गावात आढळतात.

आता या गोष्टीच्या मध्यभागी यावे. पाऊस आला, घर वाहून गेले, कावळा चिमणीकडे गेला, तिने दार उघडले, तो आत आला. अशी सांगितली तर गोष्ट अर्ध्या मिनिटात संपते. मांडीवरील मूल ‘मग?’ म्हणणार नाही. ते ‘दुसरी सांग’ म्हणेल. गोष्ट उभी आहे ती मिटलेल्या दारावर. परंतु दार नुसते मिटलेले ठेवूनही भागत नाही. चिमणी दहा वेळा एकच निमित्त सांगत राहिली, तर ऐकणारा कंटाळेल. तिची निमित्ते पाहा. आधी ती बाळाला न्हाऊ घालते, मग त्याला अंगडे घालते, तीट लावते, मग त्याला भरविते, मग निजविते. निमित्तांची संख्या घरोघरी कमीजास्त होते, क्रम मात्र सहसा बदलत नाही. बदलणार तरी कसा? हा प्रत्येक घरातील तान्ह्या बाळाचा रोजचा क्रम आहे. न्हाणे झाल्यावर जेवण आणि जेवणानंतर झोप, हे सर्वांत लहान श्रोत्यालाही ठाऊक असते. त्यामुळे प्रत्येक नकाराबरोबर त्याला आतल्या आत कळत असते, की शेवट जवळ येत आहे. बाळ निजल्यानंतर चिमणीजवळ निमित्त उरणार नाही. तेव्हा तरी दार उघडलेच पाहिजे! पाऊस बाहेर वाढतो आहे आणि निमित्ते आत संपत आली आहेत, या दोहोंच्या ओढीत ऐकणाऱ्याचा जीव अडकतो. ज्या क्षणी ही ओढ सर्वांत ताणली जाते, त्याला उत्कर्षबिंदू म्हणतात. आजीला हा शब्द कदाचित ठाऊक नसेल. पण बाळ निजले असे सांगितल्यानंतर ती किंचित थांबते आणि आवाज खाली आणते, ते ठिकाण तेच.

कथानक म्हणतात ते यालाच. घटना एकीपुढे एक ठेवल्या की यादी होते. एक घटना दुसरीला ढकलू लागली की कथानक होते. एखाद्या गोष्टीतील दोन वाक्यांच्या मध्ये ‘नंतर’ हा शब्द घालून पाहावा, आणि मग ‘म्हणून’ किंवा ‘पण’ हे शब्द घालून पाहावे. पाऊस आला, म्हणून घर वाहून गेले. घर गेले, म्हणून कावळा चिमणीकडे आला. पण तिचे दार बंद होते. ज्या गोष्टीत केवळ ‘नंतर’ बसते, तिची वाक्ये कोठूनही तोडता येतात. शाळेच्या सहलीवर लिहिलेले निबंध बहुधा असे असतात. सबंध दिवसात कोणाचीच कसलीही अडचण झाली नाही असा त्या निबंधांचा आव असतो. वास्तविक बस अर्ध्या वाटेत बंद पडलेली असते आणि तेवढेच लिहिण्यासारखे असते.

या गोष्टीचा शेवट सर्वत्र सारखा नाही. कोठे आजी दार उघडल्यावरच थांबते. कोठे कावळा आत येऊन चुलीजवळ ऊब घेण्यास बसतो आणि भाजतो. कोठे तो रात्रीतून चिमणीचे दाणे फस्त करतो. यांपैकी भाजण्याचा शेवट सर्वांत दुबळा म्हटला पाहिजे. पावसात घर गमावलेल्या कावळ्याने त्या रात्री कोणता गुन्हा केला होता, की त्याला ही शिक्षा व्हावी? श्रोत्यांना हसविण्यासाठी तो शेवट चिकटविलेला दिसतो. बंद दारातून जी गोष्ट निघाली, ती दाराशीच संपते. पुढचे सारे शेपूट आहे.

येथे मुलीच्या प्रश्नाचा उरलेला अर्धा भाग पुढे येतो. दार लगेच उघडले असते तर गोष्ट झाली नसती, हे खरे. पण ते झाले गोष्ट सांगणाऱ्याचे कारण. चिमणीचे कारण काय होते? गोष्ट ते सांगत नाही. आणि त्याहून नवलाची गोष्ट ही, की चार वर्षांच्या मुलाला तो प्रश्न पडतही नाही, आणि बारा वर्षांच्या मुलीला तो पडल्यावाचून राहत नाही.

याचे उत्तर निवेदनात आहे. गोष्ट कोणी तरी सांगतो, आणि तो कोठे तरी उभा राहून सांगतो. आजी या गोष्टीत कोठे उभी आहे? चिमणीच्या घरात. चिमणीच्या घरातील न्हाणे, नटणे, जेवण, झोप सारे काही तपशिलाने कळते. कावळ्याच्या घराविषयी ते वाहून गेले एवढेच कळते. त्या घरात आणखी कोण होते? त्यालाही पिले होती काय? तो किती वेळ भिजत होता? कोणी सांगत नाही. मांडीवरील मूल हे चिमणीचे बाळ आहे! त्यालाही नुकतेच भरविलेले आहे, त्यालाही निजवावयाचे चालले आहे, बाहेर पाऊस आहे आणि ते आत कोरडे आहे. त्याला कावळ्याची चिंता वाटत नाही यांत त्याचा दोष नाही. आजीने त्याला ज्या जागी निजविले आहे, तेथून कावळा दिसत नाही, केवळ त्याची हाक ऐकू येते. बहीण आता त्या मांडीवरून उतरली आहे. ती दाराबाहेर जाऊन उभी राहू शकते.

तीच गोष्ट बाहेरून सांगून पाहावी. दार बंद आहे. पंखांवरून पाणी निथळते आहे. आतून पाणी ओतल्याचा आवाज येतो. ते गरम पाणी आहे, हे फटीतून येणाऱ्या वाफेवरून कळते. मग एक बाळ खिदळते. मग भाताचा वास येतो. मग अंगाईचे हळू सूर ऐकू येतात, आणि मग सारे शांत होते. इतके शांत, की आतील सर्वजण निजले असावेत अशी शंका येते. घटना त्याच आहेत. एकही नवी घातलेली नाही, एकही गाळलेली नाही. तरी ही गोष्ट ऐकताना कोणी हसणार नाही.

निवेदकाने कोठे उभे राहावे याबरोबरच, कोणती गोष्ट आधी सांगावी आणि कोणती मागून, हेही त्यालाच ठरवावे लागते. याचे उत्तम उदाहरण पंचतंत्रात सापडते. पंचतंत्राचे पाचवे तंत्र ‘अपरीक्षितकारक’, म्हणजे नीट न पारखता केलेले कृत्य. त्यात एका ब्राह्मणाच्या घरी पाळलेल्या मुंगसाची कथा आहे. ब्राह्मणाची बायको तान्ह्या मुलाला घरी ठेवून पाण्याला जाते. इकडे बिळातून काळा साप निघतो आणि मुलाच्या दिशेने येऊ लागतो. मुंगूस त्याच्यावर झडप घालते आणि त्याचे तुकडे करते. मग मोठ्या आनंदाने, रक्ताळलेल्या तोंडानिशी, ते आईला सामोरे जाते. आई ते रक्त पाहते. याने माझ्या मुलाला खाल्ले, असे तिला वाटते, आणि डोक्यावरची पाण्याची घागर ती त्याच्यावर टाकते. मुंगूस जागच्या जागी मरते. ती घरात धावत जाते, तो मूल सुखाने निजलेले आणि जवळ सापाचे तुकडे पडलेले.

येथे साप आला आणि मेला हे वाचकाला आधी सांगितले आहे. आईला ते ठाऊक नाही. त्यामुळे मुंगूस धावत सामोरे निघाले त्याच क्षणी वाचकाच्या काळजाचा ठोका चुकतो. ‘अगं, थांब, आधी आत जाऊन पाहा,’ असे ओरडून सांगावेसे वाटते, आणि सांगता येत नाही.

ही कथा पुढे फार दूरवर गेली. सहाव्या शतकात इराणचा बादशहा खुस्रो अनुशिरवान याच्या काळी बुर्झोय नावाच्या वैद्याने पंचतंत्र पहलवी भाषेत नेले. आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फा याने त्यावरून अरबी ग्रंथ रचला. त्याचे नाव ‘कलीला व दिम्ना’. पंचतंत्रातील करटक आणि दमनक या कोल्ह्यांचीच ही नावे. अरबीतून या कथा युरोपातील अनेक भाषांत शिरल्या. ब्रिटनच्या पश्चिमेस वेल्स नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. तेथे बेडगेलर्ट या गावी लेवेलिन नावाच्या राजपुत्राची आणि त्याच्या गेलर्ट या कुत्र्याची कथा सांगतात, आणि कुत्र्याची समाधी म्हणून एक दगडही दाखवितात. मुंगसाच्या कथेचेच हे एक रूप, असे अभ्यासक मानतात. वेल्समध्ये मुंगूस नाही, म्हणून तेथे शिकारी कुत्रा आला. घरात शिरणारा साप जाऊन लांडगा आला. पाण्याच्या घागरीच्या जागी राजपुत्राची तलवार आली. स्थळ बदलताच पात्रे बदलली आणि हत्यारही बदलले. गोष्टीचा कणा मात्र तोच राहिला. ज्याने रक्षण केले त्याच्याच तोंडाला रक्त लागलेले असते, आणि पाहणारा नेमके तेवढेच पाहतो.

परंतु एक मोठा फरक पडला आहे. वेल्समधील कथा बहुधा राजपुत्राच्या बाजूने सांगतात. तो शिकारीहून परततो, उपडा झालेला पाळणा पाहतो, कुत्र्याचे रक्ताळलेले तोंड पाहतो आणि तलवार उपसतो. कुत्र्याची किंकाळी विरते, तोच पाळण्याखालून बाळाचे रडणे ऐकू येते, आणि तेव्हा कोठे पलीकडे मरून पडलेला लांडगा दिसतो. लांडगा आला होता हे तोपर्यंत ऐकणाऱ्यालाही माहीत नसते. म्हणजे पंचतंत्रातील वाचक आईला थांबवू पाहतो. आणि वेल्समधील श्रोता राजपुत्राबरोबर स्वतःही फसतो. पहिल्या रचनेत धास्ती आहे, दुसरीत धक्का आहे. कोणती श्रेष्ठ, याविषयी मतभेद होतील. मात्र दुसऱ्या वेळी तीच कथा ऐकू लागले, की धक्का निघून जातो. धास्ती राहते, किंबहुना ती वाढते. आजीची गोष्ट शंभराव्या वेळीही ऐकवते, त्याचे कारण येथे थोडेसे कळते. दार उघडणार हे मुलाला ठाऊक आहे. तरी ते अजून उघडलेले नाही.

राहिले तात्पर्य. पुष्कळ मुलांची अशी समजूत असते, की गोष्टीच्या शेवटी एक ओळ असते तिच्यासाठी गोष्ट असते, आणि परीक्षेत तेवढी लिहिली म्हणजे झाले. मुंगसाच्या कथेखाली ‘विचार केल्यावाचून काही करू नये’ असे लिहिलेले असते. ते खोटे नाही. परंतु ते वाक्य एकटे वाचून कोणाच्या डोळ्यांत पाणी आले आहे काय? मुंगूस आनंदाने सामोरे धावले, हे वाचून येते. तात्पर्य हे औषधाच्या बाटलीवरील चिठ्ठीसारखे असते. आत काय आहे हे ते सांगते, पण गुण येतो तो आतील औषधाने.

माजघरात आता मूल निजले आहे आणि आजीची गोष्टही संपली आहे. पाऊस ओसरला आहे. पण मुलीच्या डोक्यातून ते दार काही जात नाही. दुसऱ्या दिवशी रात्री, आजीला स्वयंपाकघरात थोडे काम असते, तेव्हा भावाला निजविण्याची पाळी तिच्यावर येते. तो ‘कावळ्याची गोष्ट’ म्हणून हट्ट धरतो. ती क्षणभर विचार करते आणि म्हणते, "सांगते, पण आपल्या गोष्टीत पावसाळा नाही. आपल्या गोष्टीत वैशाख महिना आहे."

मूल बुचकळ्यात पडते. पण ऐकू लागते. ऊन तापते आहे. मेणाची भिंत एका बाजूने झुकते. चिमणी बाळाला पंखाखाली घेऊन बाहेर पडते आणि छप्पर खाली येते. दूरवर एकच घर ताठ उभे आहे, वाळून दगडासारखे झालेले. चिमणी त्या दाराशी येते. तिला मागील आषाढातील रात्र आठवते, म्हणून ती हाक मारावी की न मारावी, असा विचार करीत थोडा वेळ तशीच उन्हात उभी राहते. बाळाच्या घशाला कोरड पडली आहे. अखेर ती हाक मारते. आत कावळा जागा आहे.

बहीण येथे थांबते, कारण पुढे काय सांगावे हे तिचे तिलाच अजून ठरविता आलेले नाही. स्वयंपाकघरातील भांड्यांचा आवाजही थांबला आहे.

"मग?" मूल विचारते.